सांता क्रोचेच्या भिंती आणि त्यांवरची कोरी जागा

आपण विचारले आहे की, फ्लॉरेन्समधल्या सांता क्रोचे या फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या साधुसंघाच्या, चर्चमध्ये चौदाव्या शतकातला चित्रकार जोत्तो याने रंगवलेली दोन चॅपेल, म्हणजे चर्चच्या आतली लहान प्रार्थनादालने, एकमेकांना लागून असूनही बार्दी घराण्याच्या चॅपेलमधली चित्रे ठसठशीत आणि पेरुत्सी घराण्याच्या चॅपेलमधली इतकी पुसट का दिसतात. संत फ्रान्सिसच्या मृत्यूच्या चित्रात खाली मोठा कोरा गिलावा तसाच का ठेवला आहे, तो रंगवून चित्र पुरे का केलेले नाही. आणि भिक्षेवर जगण्याचे व्रत घेतलेल्या साधूंना एवढे अवाढव्य चर्च बांधणे कसे जमले आणि कसे पटले. भित्तिचित्रांच्या संवर्धनात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे या तीन प्रश्नांची उत्तरे मला वेगवेगळी देता येत नाहीत. भिंत कुणाची होती, तिच्यावर चुना कसा चढवला गेला आणि पुढे तिच्याशी कोण कसे वागले, या एकाच गोष्टीचे हे तीन भाग आहेत. म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

संत फ्रान्सिस असिसीकर १२२६ मध्ये वारले आणि दोनच वर्षांनी पोपने त्यांना संतपद दिले. त्यांचे अनुयायी तोवर फ्लॉरेन्सला येऊन पोहोचले होते. त्यांनी मुक्काम केला तो गावकुसाबाहेर, पूर्वेला, आर्नो नदीच्या पुराचे पाणी साचणाऱ्या दलदलीच्या जमिनीवर, जिथे लोकर धुणारे, रंगारी आणि हातावर पोट असलेले मजूर राहत. ही निवड जाणूनबुजून केलेली होती. ज्यांना उपदेश करायचा त्यांच्यातच राहायचे, हा या संघाचा बाणा होता. शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, डॉमिनिकन संघाने सांता मारिया नोव्हेल्ला येथे आपले बस्तान बसवले, आणि पुढची दोन शतके या दोन मठांमधली चढाओढ फ्लॉरेन्सच्या कलेला पोसत राहिली. फ्रान्सिस्कनांचे पहिले चर्च लहान होते. ते अपुरे पडले म्हणून १२५२ च्या सुमारास दुसरे बांधले. तेही पुरेना, तेव्हा १२९४-९५ मध्ये, ३ मे या पवित्र क्रूसाच्या सणाच्या दिवशी, आज उभ्या असलेल्या तिसऱ्या चर्चचा पाया घातला गेला. आराखडा वास्तुकार आर्नोल्फो दी काम्बियो याचा मानला जातो. लांबी सुमारे ११५ मीटर आहे. त्या काळी फ्रान्सिस्कन संघाचे एवढे मोठे चर्च दुसरे नव्हते.

आता आपला रास्त प्रश्न: फ्रान्सिसने पैशाला हात लावायलाही मनाई केली होती, मग हे कसे? संघात या प्रश्नावरून अक्षरशः आग पेटली होती. १२६० मध्ये नार्बोन येथे भरलेल्या संघाच्या सभेने बांधकामाचे कडक नियम केले: मुख्य वेदीवरचा भाग सोडून चर्चवर दगडी घुमटी छत घालायचे नाही, खिडक्यांत आणि खांबांत हौस करायची नाही, मुख्य वेदीमागची खिडकी सोडली तर रंगीत काचेची चित्रे नकोत. सांता क्रोचेत उभे राहून मान वर केली की हा नियम आजही डोळ्यांना दिसतो. मधल्या दालनावर दगडी कमानी नाहीत, लाकडी कैच्यांचे उघडे छत आहे, एखाद्या प्रचंड कोठारासारखे. अष्टकोनी खांब इतक्या दूर दूर आहेत की प्रवचन देणारा कुठूनही दिसावा. मला ही रचना फार प्रामाणिक वाटते. हजारो माणसांना कोरड्या जागेत उभे करून त्यांच्या बोलीभाषेत उपदेश ऐकवायचा, एवढ्यासाठी ती केलेली आहे. मात्र ज्या भागाला दगडी छत घालायची मुभा होती, तो वेदीकडचा भाग इथे चांगलाच रुंदावला. इंग्रजी टी अक्षरासारख्या आराखड्याच्या आडव्या दांडीत मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच चॅपेल ओळीने बसवली गेली, आणि नियमातल्या याच फटीतून सगळी श्रीमंती आत शिरली.

मालकीचा पेच सोडवायला पोप तिसरे निकोलस यांनी १२७९ मध्ये तोडगा काढला होता: संघ वापरतो त्या सगळ्या वस्तूंची मालकी पोपची, बंधूंकडे, म्हणजे संघातल्या साधूंकडे, फक्त वापर. संघातल्या कडव्या गटाला ही पळवाट वाटली. त्यातले दोन अग्रणी, पिएत्रो ओलीवी आणि उबेर्तीनो दा कासाले, १२८० च्या दशकाच्या अखेरीस याच सांता क्रोचेच्या मठात होते. म्हणजे दारिद्र्याचा सर्वांत कडक अर्थ लावणारी माणसे जिथे वावरली, तिथेच त्यानंतर काही वर्षांत संघाचे सर्वांत मोठे चर्च उभे राहू लागले. या विरोधाभासाकडे मी दांभिकपणा म्हणून पाहत नाही. जिवंत संस्थेच्या पोटात असे पीळ असतातच, आणि सांता क्रोचेतली उत्तम चित्रे या पिळातूनच आली आहेत.

कारण चॅपेलची भिंत घराण्याने घ्यायची अशी पद्धत होती. एखादे घराणे बांधकामाला पैसे देई, त्याबदल्यात त्याला आपल्या माणसांना तिथे पुरण्याचा आणि त्यांच्या आत्म्यासाठी तिथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाविधी, करवून घेण्याचा हक्क मिळे. वेदी, खिडक्या, चित्रे हा सारा खर्च त्या घराण्याचा आणि कुलचिन्हही त्याचेच. बार्दी आणि पेरुत्सी ही त्या काळातली युरोपातली सर्वांत मोठी सावकारी घराणी होती. इंग्लंडच्या राजाला युद्धासाठी कर्ज देण्याइतकी त्यांची ऐपत होती, आणि १३४० च्या दशकात दोन्ही पेढ्या बुडाल्या, त्यात ते थकलेले राजेशाही कर्जही होते. चर्चच्या शिकवणीनुसार व्याज घेणे हे पाप. त्यामुळे सावकाराला मृत्यूची भीती दुहेरी असे, आणि गरिबीचे व्रत घेतलेल्या बंधूंच्या छायेत पुरले जाणे हा तिच्यावरचा उतारा होता. बार्दी चॅपेलच्या डाव्या भिंतीवर अगदी वर जोत्तोने काय रंगवले आहे, हे या दृष्टीने पाहावे. कापडव्यापारी बापासमोर तरुण फ्रान्सिस अंगावरचे कपडे उतरवून परत करतो आहे, बिशप त्याची लाज आपल्या झग्याने झाकतो आहे, आणि रागाने पुढे झेपावणाऱ्या बापाला मागच्या माणसांनी दंडाला धरून आवरले आहे. बापाच्या हातावर ते कपडे लोंबत आहेत. कडेला दगड मारायला निघालेल्या पोरांनाही मोठ्यांनी धरून ठेवले आहे. सावकाराच्या पैशाने, सावकाराच्या थडग्यावर, पैसा लाथाडणाऱ्या मुलाचे हे चित्र आहे, आणि मधली वास्तू जोत्तोने तिरपी उभी केली आहे, तिचा कोपरा बाप आणि मुलगा यांच्यामध्ये पाचर ठोकल्यासारखा पुढे येतो.

या चॅपेलचा काळ ठरवायला एक चांगला आधार भिंतीवरच आहे. खिडकीच्या बाजूला तुलूझचे संत लुई उभे आहेत, आणि त्यांना संतपद १३१७ मध्ये मिळाले. म्हणजे चित्रे त्यानंतरची, आणि जोत्तो १३२८ मध्ये नेपल्सला गेला त्याआधीची असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. याच वर्षांत, १३२१ मध्ये, तोलेन्तीनोचा तोमास आणि त्याचे तीन साथीदार असे चार फ्रान्सिस्कन आपल्या मुंबईजवळच्या ठाणे शहरात मारले गेले, आणि नंतर तिथून जाणारा ओडोरिक हा त्यांच्याच संघाचा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. बार्दी चॅपेलच्या उजव्या भिंतीवर फ्रान्सिस इजिप्तच्या सुलतानासमोर अग्निदिव्याला तयार झाल्याचे चित्र आहे. प्रत्यक्षात ती भेट १२१९ मध्ये झाली होती. जोत्तो हे रंगवत होता तेव्हा दूरदेशी जाऊन धर्म सांगणे ही त्या मठातल्या बंधूंसाठी चालू काळाची, कानावर येणारी हकीकत होती. सुलतानाला जोत्तोने खलनायक केलेले नाही, हेही पाहावे. तो मधोमध सिंहासनावर बसला आहे, हाताने फ्रान्सिसकडे निर्देश करतो आहे आणि नजर मात्र काढता पाय घेणाऱ्या आपल्याच विद्वानांकडे आहे.

आता चुन्याकडे येतो, कारण दोन चॅपेलमधल्या फरकाचे खरे कारण तिथे आहे.

खऱ्या फ्रेस्कोची, म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवलेल्या भित्तिचित्राची, रीत अशी. भट्टीतून आलेली चुनकळी पाण्यात विरवायची आणि तो चुना महिनोन्महिने मुरू द्यायचा. भिंतीवर आधी वाळू-चुन्याचा खरबरीत थर द्यायचा, त्यावर वाटल्यास गेरूने रेखाटन करायचे, आणि मग शेवटचा गुळगुळीत थर फक्त तेवढ्याच भागावर चढवायचा जेवढा आज, चुना ओला असेतो, रंगवून होईल. इटालियन कारागीर त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे दिवसाचे काम. त्यावर रंग केवळ पाण्यात कालवून लावतात, त्यात सरस, अंडे वा तेल असे काही घालत नाहीत. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पुन्हा चुनखडीचा दगड होतो. रंगाचे कण त्या स्फटिकांत कायमचे अडकतात. असा रंग भिंतीच्या पृष्ठभागाचाच भाग झालेला असतो. दुसऱ्या दिवशी गवंडी कालच्या तुकड्याची कडा थापीने तिरपी कापून नवा तुकडा तिला भिडवतो, आणि तो सांधा शतकानुशतके राहतो.

हे सांधे पाहण्यासारखा आनंद आमच्या व्यवसायात दुसरा नाही. परांचीवर चढून दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून, प्रकाश घासत जाईल असा धरला की समोरून सपाट दिसणारी भिंत एकदम उंचसखल होते. कुठला तुकडा कुठल्यावर चढला आहे ते कडेवरून बोट न लावता कळते, म्हणजे कामाचा क्रम कळतो. आकाशाचा आणि इमारतींचा मोठा पट्टा एका दिवसात उरकलेला असतो, तर एखाद्या महत्त्वाच्या चेहऱ्याभोवती मस्तकाच्या आकाराचा छोटा सांधा फिरलेला दिसतो. त्या दिवशी चित्रकाराने फक्त तो एक चेहरा केला. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा एक पूर्ण दिवस असा तळहाताएवढ्या जागेत मोजता येतो.

बार्दी चॅपेल मुख्यतः या ओल्या पद्धतीने रंगवले आहे, तर पेरुत्सी चॅपेलमध्ये जोत्तोने वेगळा मार्ग धरला. तिथे दिवसाच्या लहान तुकड्यांऐवजी परांचीच्या एकेका मजल्याएवढा मोठा पट्टा एकदम गिलावा केला आणि बहुतेक रंगकाम चुना वाळल्यावर, रंगात चिकट द्रव्य मिसळून केले. कोरड्या पद्धतीचे फायदे असतात. चित्रकाराला घाई नसते, रंग एकावर एक चढवता येतात, ओल्या चुन्यात जळून जाणारे काही रंगही वापरता येतात, आणि नवे असताना ते चित्र फ्रेस्कोपेक्षा अधिक भरदार दिसते. माझे मत असे की, पेरुत्सी चॅपेलमधली मोठी दालने, कापडाच्या जड घड्या आणि शांत, विस्तीर्ण मांडणी पाहता जोत्तोला तिथे हाच भरदारपणा हवा होता. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. चिकट द्रव्य काळाबरोबर मरते, आणि ते मेले की रंगाची पूड भिंतीवर केवळ टेकून राहते. ओल आली, कुणी घासले, खरवडले की ती जाते. आज आपण पाहतो तो बऱ्याच अंशी चित्राचा सांगाडा आहे. सावल्या, चेहऱ्यांची गोलाई, वस्त्रांवरची नक्षी हे वरचे थर गेले आहेत.

अजिंठा पाहिलेल्या वाचकाला हे लवकर पटेल. अजिंठ्याची चित्रेही ओल्या चुन्यावरची नाहीत. माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन त्यावर कोरड्या पद्धतीने ती काढलेली आहेत, आणि म्हणूनच त्यांचे पोपडे सुटतात. पेरुत्सी चॅपेल तंत्राच्या दृष्टीने शेजारच्या बार्दी चॅपेलपेक्षा अजिंठ्याला जवळचे आहे, असे मी म्हणालो तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तरी पेरुत्सी चॅपेलकडे पाठ फिरवू नका. उजव्या भिंतीवरच्या संत योहानाच्या स्वर्गारोहणाच्या चित्रातल्या दोन आकृती तरुण मिकेलांजेलोने पेनने उतरवून घेतल्या होत्या, ते रेखाटन आज लूव्र संग्रहालयात आहे. शरीराचे वजन कापडाच्या घडीतून कसे दाखवावे, हे त्याने दीडशेहून अधिक वर्षे जुन्या या भिंतीवरून शिकून घेतले. अलीकडे, २०१० च्या आसपास, फ्लॉरेन्सच्या ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे या संवर्धन संस्थेने या चॅपेलचा अतिनील प्रकाशात अभ्यास केला. साध्या उजेडात नाहीसे झालेले बारकावे त्या प्रकाशात उमटले: वस्त्रांची गोलाई, चेहऱ्यांवरचे छायाप्रकाशाचे काम. रंग गेला तरी चिकट द्रव्याचा अंश भिंतीत उरला होता आणि तो अतिनील प्रकाशात चमकतो. ही प्रतिमा पडद्यावरच पाहता येते, भिंतीवर परत आणता येत नाही.

आता कोऱ्या जागेविषयी. चित्रे काढली गेली तेव्हा चर्च आजच्यासारखे मोकळे नव्हते. मध्ये एक उंच आडवी भिंत होती. तिच्या एका बाजूला बंधूंची प्रार्थनेची जागा, दुसऱ्या बाजूला लोक. फ्लॉरेन्सचा शासक कोसिमो मेदिची पहिला याच्या आदेशावरून चित्रकार आणि वास्तुकार जॉर्जो वासारीने १५६६ पासून ती भिंत पाडली, बाजूच्या दालनांत एकसारख्या नव्या वेद्या बसवल्या, आणि त्या कामात चौदाव्या शतकातल्या ओर्कान्या या चित्रकाराने काढलेली मृत्यूच्या विजयाची आणि नरकाची प्रचंड चित्रे झाकली व फोडली गेली. त्यांचे उरलेले तुकडे आज मठाच्या संग्रहालयात आहेत. चित्रकारांची चरित्रे लिहून जोत्तोला अजरामर करणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले, याचे मला दरवेळी वाईट वाटते. अठराव्या शतकात जोत्तोच्या चॅपेलनाही सफेदी मारली गेली. त्या काळच्या डोळ्यांना ती चित्रे जुनाट आणि अडाणी वाटत होती. मग कोऱ्या पांढऱ्या भिंतीला काय हरकत, म्हणून बार्दी चॅपेलमध्ये समोरासमोर कबरींची दगडी स्मारके बसवली गेली, आणि ती बसवताना खालच्या पट्ट्यातली चित्रे फोडली गेली. फ्रान्सिसच्या मृत्यूच्या चित्रातली आपण विचारलेली कोरी जागा त्या स्मारकाची आहे. नीट पाहिलेत तर तिला स्मारकाचाच आकार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सफेदीखालून चित्रे पुन्हा बाहेर काढण्यात आली, पेरुत्सीमध्ये १८४० च्या दशकापासून आणि बार्दीमध्ये १८५२ च्या सुमारास. बार्दीचे काम गाएतानो बियांकी याने केले. त्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गेलेले सारे भाग स्वतः रंगवून टाकले: धड, पाय, इमारती, जे नव्हते ते सगळे. काम सफाईदार होते आणि जवळजवळ शंभर वर्षे जगाने बियांकीचा जोत्तो हाच जोत्तो समजून पाहिला, त्यावर प्रबंध लिहिले. १९५८ ते १९६१ या काळात लेओनेत्तो तिंतोरी याने बियांकीची भर काढली आणि तिथे साधा गिलावा ठेवला. तेव्हा अनेकांना धक्का बसला. आपल्याला जे अपुरे वाटते आहे ते चित्र खरे तर त्या दिवशी प्रथमच खरे झाले. जे उरले आहे त्यातला जवळजवळ प्रत्येक फटकारा चौदाव्या शतकातला आहे, ही खात्री त्या कोऱ्या जागेमुळेच मिळते.

भरून काढण्याच्या मोहाचे परिणाम आपल्या घरचेही आहेत. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने लोरेन्सो चेक्कोनी आणि त्याचे सहकारी ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला बोलावले. त्यांनी सुटलेले गिलावे घट्ट बसवले, आणि ते काम न होते तर बरेच काही पडून गेले असते हे मी मनापासून मानतो. पण चित्रे उजळ दिसावीत आणि टिकावीत म्हणून त्यांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, हात दिला गेला. शेलॅक पिवळा पडला, काळवंडला, आणि त्याखाली अडकलेल्या रंगावरून तो अलगद काढण्यात नंतरच्या संवर्धकांची दशके गेली. म्हणून माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी सांगतो की, जे काढता येणार नाही ते लावू नका.

मग कोरी जागा डोळ्यांना टोचणार नाही यासाठी काहीच करायचे नाही का? करता येते, आणि त्याचे सर्वांत कसोटीचे उदाहरणही सांता क्रोचेतलेच आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोला महापूर आला. (कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा याच नदीच्या काठी, मुन्योने ओढ्याच्या संगमावर, त्यांचे दहन झाले होते.) सांता क्रोचेचा परिसर जुन्या दलदलीचा, सखल, त्यामुळे पाणी सर्वांत उंच इथे चढले, आणि हिवाळ्यासाठी भरून ठेवलेल्या तळघरांतल्या टाक्या फुटून त्यात जळणाचे तेल मिसळले. मठाच्या भोजनगृहात तेव्हा चिमाबुए या चित्रकाराचा लाकडी फळ्यांवर रंगवलेला क्रूस होता, जोत्तोच्याही आधीच्या पिढीचा, साडेचार मीटरच्या आसपास उंच. लाकूड पाण्याने फुगले आणि त्यावरचा रंग सुटून चिखलात गेला. चित्राचा निम्म्याहून अधिक भाग नष्ट झाला. चिखलातून रंगाचे कपटे वेचण्यात आले, पण बहुतेकांची जागा कळण्यासारखी नव्हती. उंबेर्तो बाल्दीनी आणि ओर्नेल्ला कासात्सा या संवर्धनतज्ज्ञांनी १९७६ पर्यंत जो उपाय केला तो असा: गेलेल्या जागी काहीही आकार काढायचा नाही, उरलेल्या चित्रातले रंग हेरून त्यांच्या बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांचे जाळे भरायचे. लांबून पाहताना ती जागा मागे सरते, देह एकसंध दिसतो. जवळ गेल्यावर कुठे चिमाबुए संपतो आणि कुठे आधुनिक हात सुरू होतो हे कुणालाही सांगता येते. या उपायावर आजही वाद आहे. काहींना ते जाळे फार बोलके वाटते. मला ते योग्य वाटते, कारण त्यात झालेली हानी लपवलेली नाही आणि चित्रही कोलमडत नाही. बार्दी चॅपेलमध्ये मात्र हानी आकाराने मोठी आणि सलग आहे. तिथे रेघांच्या जाळ्याने काही साधले नसते, शांत रंगाचा गिलावाच बरा.

पुराचा आणखी एक परिणाम भिंतींवर झाला, तो सावकाश उमटणारा होता. भिंतीत चढलेली ओल वाळताना क्षार बरोबर घेऊन पृष्ठभागावर येते. आपण ज्याला लोणा लागणे म्हणतो तेच. फ्रेस्कोत हे क्षार चुनखडीचे जिप्सम करतात, जिप्सम फुगते आणि रंगाचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो. यावर फ्लॉरेन्सच्याच एन्झो फेर्रोनी या रसायनशास्त्रज्ञाने आणि दीनो दीनी या संवर्धकाने अमोनियम कार्बोनेट आणि नंतर बेरियम हायड्रॉक्साइड यांचे लेप देण्याची पद्धत काढली. तिने क्षार निघतात आणि भुसभुशीत थर पुन्हा दगडी होतो. जगभर ती वापरली जाते. पण ती चुन्याच्या फ्रेस्कोसाठी आहे. आपल्याकडच्या मातीच्या गिलाव्यावर ती डोळे झाकून वापरू नये, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

आपण पुन्हा जाणार असाल तर बार्दी आणि पेरुत्सी पाहून बाहेर पडू नका. उजव्या हाताला, आडव्या दालनाच्या टोकाला, बारोन्चेल्ली चॅपेल आहे. ते जोत्तोचा अनेक वर्षांचा शिष्य ताद्देओ गाद्दी याने १३२८ नंतरच्या दशकात रंगवले. तिथे मेंढपाळांना देवदूताने दर्शन दिल्याचे रात्रीचे चित्र शोधा. डोंगरउतारावर दोन मेंढपाळ आहेत आणि काळोखात देवदूताकडून सांडणारा प्रकाश हाच त्या दृश्यातला एकमेव उजेड आहे. दिव्याशिवाय, केवळ आलेल्या तेजाने उजळलेली रात्र रंगवण्याचा युरोपातला हा फार आधीचा प्रयत्न आहे. दर्शनी संगमरवरी भिंत एकोणिसाव्या शतकातली आहे, तिच्यावर फार वेळ घालवू नका. मिकेलांजेलो, गॅलिलिओ, माकियावेल्ली यांच्या कबरींपुढे गर्दी असते. त्या गर्दीत अर्धा दिवस जातो आणि चॅपेलना दहा मिनिटे मिळतात, असे होऊ देऊ नका.

लहान दुर्बीण जवळ ठेवा, वरच्या अर्धवर्तुळातली चित्रे तिच्याशिवाय दिसत नाहीत. बार्दी चॅपेलच्या वेदीवर जोत्तोच्या किमान साठ वर्षे आधीचा, तेराव्या शतकाच्या मध्याचा एक फलक आहे. मधोमध ताठ उभे फ्रान्सिस आणि भोवती त्यांच्या आयुष्यातले वीस प्रसंग. तो आधी पाहा. त्यावरची माणसे सोनेरी भुईवर चिन्हांसारखी उभी आहेत. मग डावीकडे, खालच्या पट्ट्यातल्या मृत्यूच्या चित्राकडे वळा. कोऱ्या गिलाव्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना जे उरले आहे त्यात बंधू मृतदेहाच्या हातापायांचे चुंबन घेत आहेत, एक सरदार जखम खरी आहे का हे पाहायला कुशीत बोटे घालतो आहे, आणि उशाशी असलेल्या एकाच बंधूची मान वर वळली आहे, कारण फ्रान्सिसचा आत्मा वर नेला जाताना एवढ्या माणसांत फक्त त्याला दिसतो आहे.